पॅड कोण खातंय ते आधी शोधा

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलायला गाडी लावली की मेकॅनिकला पहिली गोष्ट ही सांगा: "भाऊ, जुने चारही पॅड फेकू नको, मले पाह्यचे हायेत. आन् कोणता कुठून काढला ते खडूनं लिहून ठेव." डावीकडचा आतला, डावीकडचा बाहेरचा, उजवीकडचा आतला, उजवीकडचा बाहेरचा. पॅड वेळेआधी का संपले याचं उत्तर बहुतेक वेळा त्या चार तुकड्यांवरच सापडतं. आणि आपल्याकडे गाडी जॅकवरून उतरायच्या आत तेच भंगारच्या डब्यात गेलेले असतात.

माझं गॅरेज परतवाड्याला, धारणी रोडला. इथं येणाऱ्या गाड्यांमध्ये चिखलदऱ्याहून उतरलेल्या असतात, चाकातून जळका वास मारणाऱ्या. अचलपूर-चांदूर बाजारकडच्या संत्रेवाल्यांच्या असतात, पांदणीचा चिखल सोबत घेऊन आलेल्या. मास्तर, ग्रामसेवक मंडळींच्या रोज ये-जा करणाऱ्याही असतात. गाऱ्हाणं मात्र सगळ्यांचं एकच. "काहून भाऊ, मागच्या पोळ्यालेच तं पॅड टाकले होते, इतक्यात गेले कसे?" आणि मग पॅडच्या कंपनीला शिव्या. पॅड खराब निघत नाहीत असं नाही, पण मी तपासतो तेव्हा त्यांचा नंबर बराच मागे लागतो. पॅड कोणीतरी खात असतं. ते शोधलं नाही तर नवा जोडही तेवढ्याच दिवसांत जातो.

'लवकर' म्हणजे किती, ते आधी ठरवून टाकू. नव्या पॅडवर मागची लोखंडी प्लेट सोडून साधारण १० ते १२ मिलिमीटर मटेरियल असतं. ३ मिलिमीटर उरलं की बदलायचं. लहान गाडी, सपाट रस्ता, शांत पाय असेल तर पुढचे पॅड तीस-चाळीस हजार किलोमीटर सहज जातात. घाटातल्या गाडीचे त्याहून बरेच कमी. पण सपाटीवरच्या गाडीचे दहा-बारा हजारांत संपले तर समजा, दुखणं दुसरीकडे आहे.

बऱ्याच पॅडला एक छोटी पत्र्याची जीभ असते. मटेरियल संपत आलं की ती डिस्कला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी ताटलीला, टेकते आणि गाडी चिरचिर करायला लागते. तेव्हाच गाडी दाखवली तर खर्च पॅडवर थांबतो. आपले लोक काच वर करून गाणं मोठं करतात. मग चिरचिर जाऊन खर्रर्र येतं, म्हणजे आता लोखंडावर लोखंड घासतंय आणि डिस्क गेली. एक खोटा आवाजही ओळखून ठेवा: मुरमाच्या रस्त्यावरून आल्याबरोबर अचानक करकर सुरू झाली तर डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. गाडी हळू मागे-पुढे घ्या, कित्येकदा पडून जातो. नाही पडला तर तो पत्रा स्क्रू-ड्रायव्हरनं जरा मागे वाकवून काढतात. एवढ्यासाठी पॅड बदलून घेऊ नका.

चार तुकडे वाचायचे कसे

चारही पॅड मोकळ्या जागी, उजेडात, ओळीनं मांडा.

चारही सारखेच झिजलेत, फक्त लवकर, असं दिसलं तर दोष चालवण्याचा, ओझ्याचा, नाहीतर मागच्या ब्रेकचा. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे, बिचारे बरोबर काम करतायत.

एका चाकाचे दोन्ही गेले आणि दुसऱ्याचे धड आहेत, तर संपलेल्या बाजूचा ब्रेक सुटत नाही. पण इथं घाई करू नका, उलटंही असतं: शाबूत पॅडवाल्या बाजूचा ब्रेक लागतच नाही आणि सगळा भार दुसऱ्यावर येतो. यातला कोणता प्रकार ते रस्त्यावर कळतं. ब्रेक न दाबता गाडी एका बाजूला ओढत असेल आणि त्याच बाजूचं चाक गरम असेल तर ते चाक धरलेलं आहे. नुसतं ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते ती चालू आणि दुसरी झोपलेली, असा संशय घ्या.

एकाच चाकाचा आतला पॅड प्लेटपर्यंत झिजलाय आणि बाहेरचा अर्धा शिल्लक, हे आमच्याकडे फार दिसतं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम, नाहीतर पॅड ढकलणारा पिस्टन परत जात नाही. उलट बाहेरचा जास्त गेला तर कॅलिपर जागेवर जातो पण मागे सरकत नाही, तेव्हाही पिनांकडेच बघायचं. पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असा तिरका झिजला असेल तर दोनपैकी एकच पिन अडकलेली असते, किंवा पॅडचा कान ब्रॅकेटमध्ये गंजून बसलेला असतो.

पॅडचा चेहरा काळा आणि काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, डिस्कवर निळसर झाक असेल, तर तो उष्णतेनं भाजलाय. घाटाचं प्रकरण पुढे सांगतो.

एकदा एका गाडीत पॅड उलटा बसवलेला निघाला होता. प्लेट डिस्कच्या बाजूला, मटेरियल पिस्टनच्या बाजूला. काम स्वस्तात झालं म्हणून मालक खूश होते.

पिना

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आमच्या भागात पॅड खाणारा पहिला चोर हाच.

बहुतेक लहान गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. ब्रेक दाबला की तो आतला पॅड डिस्कवर ढकलतो, आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकतो व बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढतो. ब्रेक सोडला की सगळं केसभर मागे यायला पाहिजे. पिना सरकल्या नाहीत तर आतल्या पॅडला एकट्यालाच मेहनत, नाहीतर बाहेरचा दिवसभर डिस्कला चिकटून.

तपासणं अवघड नाही. चाक काढलं की कॅलिपरच्या मागे खालचा बोल्ट दिसतो, बहुतेकदा १२ किंवा १४ च्या पान्याचा. तो काढला की कॅलिपर वरच्या पिनवर झाकणासारखा वर उचलला जातो. आता पिन हातानं ओढा. चांगली पिन बोटांनी निघते, निघताना हवेची हलकी ओढ लागते आणि बोटानं दाबली की परत जाते. खराब पिन पकडीत धरून पिळावी लागते. बाहेर आली की तिच्यावर तांबूस-तपकिरी गंजाचा थर, आणि भोकात वाळून राखाडी झालेलं जुनं ग्रीस. पिनेवरचं रबरी बूट बारकाईनं बघा. त्याला सुईएवढी चीर असली तरी पावसाळ्यात पाणी आणि आपली काळी माती आत जाते.

साफ करताना ब्रेक क्लीनर आणि कापड. पिनेवर किरकोळ गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरनं निघतो. खड्डे पडले असतील तर पिन नवीच घ्या. बुटांचं किट पॅडच्या मानानं किरकोळ पैशात मिळतं, आणि गिऱ्हाईक नेमका तिथंच हात आखडतं.

आता ग्रीस. ह्यात बहुतेक जागी गडबड होते. चाकाच्या बेअरिंगचं जे डब्यातलं ग्रीस असतं ते पिनांना लावायचं नाही. ते खनिज तेलाचं असतं आणि ब्रेकमधलं रबर त्यानं फुगतं. लावल्यावर काही दिवस पिना लोण्यासारख्या फिरतात, मालक खूश, मेकॅनिक खूश. मग रबर फुगतं आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच हवं, तेही पातळ थर, भोक भरून नाही. भोकात कोंबलं तर हवेला जागा उरत नाही आणि पिन बाहेर ढकलली जाते. ट्यूब छोटी येते, एका घरातल्या गाडीला कित्येक वर्षं पुरते. मेकॅनिककडे नसेल तर स्वतः विकत घेऊन न्या, लाजायचं काही नाही.

आणखी एक. पुष्कळ गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. अदलाबदल झाली की ब्रेक धरतो. काढतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

पॅडचे दोन कान ज्या खाचेत बसतात तिथल्या स्टीलच्या क्लिपाही काढून खालचा गंज तासायचा. पॅड खाचेत हातानं बसला पाहिजे. हातोडीनं ठोकून बसवलेला पॅड सुटणार कसा?

पिना ठीक असूनही चाक धरत असेल तर

गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड. पुढून जॅक लावा आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका. आता जॅक लावलेल्या बाजूचं चाक मोकळं फिरावं म्हणून गिअर न्यूट्रल करा, कोणालातरी ब्रेक जोरात तीन-चारदा दाबून सोडायला सांगा आणि चाक हातानं फिरवा. थोडी घासट चालते. चाक दोन्ही हातांनीही फिरेना, तर कॅलिपरच्या मागचा एअर काढायचा निपल पाव फेरा ढिला करा.

पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर आत दाब अडकला होता. एकच चाक धरत असेल तर संशय रबरी होजवर, म्हणजे कॅलिपरला ब्रेक ऑइल नेणाऱ्या नळीवर. बाहेरून नवा दिसणारा होज आतून फुटतो, आतली चामडी झडपेसारखी आडवी येते. पायाच्या जोरानं ऑइल कॅलिपरपर्यंत जातं, पण परत यायला वाट राहत नाही. होज असा का फुटतो? वय झालं म्हणून, आणि पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत सोडला म्हणून. तुमच्यासमोर कोणी तसं करत असेल तर एक तार किंवा सुतळी हातात द्या, कॅलिपर स्प्रिंगला बांधायला लावा. पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा दोष असेल तर सहसा एकाहून जास्त चाकं धरतात.

निपल ढिला करूनही चाक फिरेना, तर पिस्टन गंजलाय. पिस्टनभोवतीची चौकोनी रबरी रिंग ब्रेक दाबताना किंचित वाकते आणि सोडल्यावर पिस्टनला मागे ओढते. गंजलेल्या पिस्टनला ती बिचारी कुठवर ओढणार? किट टाकून उघडावा लागतो, पिस्टनवर खड्डे असतील तर तोही नवा.

ऑइलच्या टाकीबद्दल इथंच सांगतो. टाकीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच टाका. कोऱ्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि तसं झालं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. उघडी ठेवलेली अर्धी बाटली वापरायची नाही. कोणी चुकून इंजिन किंवा स्टिअरिंगचं ऑइल टाकलं असेल तर टाकीच्या झाकणाचं रबर फुगलेलं, लाटा आलेलं दिसतं. तसं दिसलं तर गाडी चालवू नका. आत सगळीकडचं रबर असंच फुगतंय.

पॅड झिजले की टाकीतली पातळी आपोआप थोडी खाली येते. ती वरचेवर भरत बसू नका, आधी पॅड बघा. पॅड शाबूत असूनही पातळी उतरत असेल तर गळती शोधा.

पाय आणि मॅट

ब्रेकवर पाय ठेवून चालवणारा माणूस स्वतःला तसं कधीच म्हणत नाही. रात्री कोणालातरी मागून मोटरसायकलवर येऊ द्या आणि ब्रेक लाइट किती वेळ पेटतो ते विचारा. मग गाडी पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून उभी करा, हेडलाइट बंद, किल्ली चालू, पाय बाजूला. भिंतीवर लाल उजेड दिसला तर पेडल पूर्ण वर येत नाहीये, नाहीतर स्विच बिघडलाय. आपल्याकडे मॅटवर मॅट, त्यावर चिखल झेलायला बारदाना टाकायची सवय. तो सरकून पेडलात अडकतो. पेडल हातानं दाबून बघा, घट्ट लागायच्या आधी थोडी मोकळी चाल हवी. ती नसेल तर मास्टरमधलं परतीचं भोक झाकलेलं राहतं. ब्रेक तापतो, ऑइल प्रसरण पावतं आणि पाय न लावता ब्रेक लागत जातो.

मागची चाकं

लहान गाडी थांबवताना साधारण ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात. उरलेलं मागच्या ड्रमनं, म्हणजे डबीसारख्या ब्रेकनं, करायचं असतं. त्याचे लायनर (आतून ड्रमला घासणारे पट्टे) संपले, त्यांचं अंतर राखणारा ॲडजस्टर गंजला किंवा सिलिंडर गळून लायनर ओले झाले, की पुढच्यांवर पूर्ण भार. पुढचे पॅड बदलताना मागचा ड्रम उघडायला लावाच. हँडब्रेक खूप वर येतो म्हणून नुसती केबल आवळून घेऊ नका, आधी ड्रममधला ॲडजस्टर. आवळलेली केबल मागचं चाक धरून ठेवते. पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक न लावता पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. नाहीतर लायनर ड्रमला चिकटतो.

चिखल, ओझं

पांदणीतून आल्यावर चाकात बसलेली काळी माती ओली असतानाच पाण्यानं काढा. वाळली की ती कॅलिपर आणि पत्र्यामध्ये ढेकूळ धरून बसते. प्रेशरची बंदूक मात्र पिनांच्या बुटांवर सरळ रोखू नका. धुतल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक मारत न्या, डिस्क वाळते. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवरचा तांबूस गंज पहिल्या चार-दोन ब्रेकांत जातो, त्यानं घाबरू नका.

ओझ्याचं काय सांगू? पाच जणांच्या गाडीत बहिरमच्या यात्रेला आठ-नऊ माणसं, वर रोडग्यांचं सामान. संत्र्याची कॅरेटं मागची सीट पाडून. ब्रेक तेवढ्या वजनासाठी केलेले नसतात, पॅड जाणारच.

घाट

परतवाडा समुद्रसपाटीपासून ३७० मीटरच्या आसपास, चिखलदरा १,११८. म्हणजे उतरताना गाडी सातशे मीटरहून जास्त खाली येते. माझ्या पुतण्यानं हिशोब करून दिला: १,२०० किलोची गाडी एवढी खाली आली की जी ऊर्जा सुटते तिच्यात जवळपास २५ लिटर पाणी उकळेल. हवा, टायर आणि इंजिन यांनी त्यातला वाटा उचलला नाही तर ती सगळी डिस्कमध्ये जाते. इंजिनला वाटा उचलू द्या. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा किंवा तिसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलवर घेऊन गिअर अडकवा. ब्रेक सारखा घासत ठेवण्यापेक्षा थोडा वेळ नीट दाबा, वेग कमी करा, पूर्ण सोडा.

न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून आहेत. गिअरमध्ये पाय उचलून उतरताना आजच्या इंजेक्शनच्या गाड्या इंधन जवळपास बंदच करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट ते लागतं. आणि इंजिनच बंद केलं तर दोन-तीन दाबांत पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत संपते, पेडल दगड होतं.

उतारावर पेडल घट्ट लागतंय पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ऑइल उकळलं. दोन्हीत गिअर खाली घ्या, पेडल मऊ असेल तर भराभर पंप करा, सुरक्षित जागा पाहून थांबा आणि निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. वाकडी होते, तडा जातो. ऑइल उकळलेल्या गाडीचं पेडल निवल्यावर परत बरं वाटेल, तरी ऑइल बदलल्याशिवाय पुढच्या घाटाला जाऊ नका.

नवे पॅड घेताना, बसवताना

डब्यावर विश्वास ठेवू नका, प्लेट बघा. कंपनीचं नाव, पार्ट नंबर आणि पुष्कळांवर 'एफएफ' किंवा 'जीएफ' अशी अक्षरजोडी छापलेली असते. पहिलं अक्षर साध्या तापमानातल्या पकडीचं, दुसरं गरम झाल्यावरच्या. ई पेक्षा एफ, एफ पेक्षा जी जास्त पकडतो. घाटातल्या गाडीला दुसरं अक्षर ई नको. आणि पॅड दोन्ही चाकांचे सोबतच बदलायचे, एका बाजूचे नाही.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर लेथवर घासून आणायची नाही, नवीच घ्यायची. पिस्टन मागे दाबताना टाकीवर लक्ष ठेवा, ऑइल वर येऊन सांडतं आणि बॉनेटचा रंग खातं. जुन्या पॅडची भुकटी कंप्रेसरनं उडवू देऊ नका, छातीत जाते. ओल्या कापडानं पुसायला सांगा.

काम झालं, गाडी खाली उतरली, की चालू करून जागेवरच पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिले काही दाब पोकळ जातात. हे विसरून गॅरेजच्या बाहेर निघालेली गाडी समोरच्या चहाच्या टपरीत गेलेली लोकांनी पाहिलीय. मग मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १५-२० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, मध्ये थोडं निवू देत. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा, आणि तेवढ्यात चिखलदरा ठरवू नका.

आठवड्याभरानं दहा-पंधरा किलोमीटर सरळ रस्त्यावर, ब्रेक फारसा न मारता चालवून उतरा आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या, डिस्कला बोट लावू नका. एकच चाक चटका देत असेल तर गाडी परत आणा. पॅड तेव्हा जवळजवळ नवेच असतील, आणि पिन मोकळी करून काम भागेल.